मागच्या कव्हरवरची नावे : जॅझ ध्वनिमुद्रणे शोधण्याचा आणि इतरांपर्यंत पोहोचवण्याचा एक मार्ग

जॅझ ऐकू पाहणारा नवा श्रोता बहुधा सुरुवातीलाच अडखळतो, कारण शंभराहून अधिक वर्षांची ध्वनिमुद्रणे एकदम त्याच्यासमोर येतात आणि त्यांतून वाट काढायला हाती काहीच नसते. स्ट्रीमिंग सेवांवर रात्रीसाठी, अभ्यासासाठी, कॉफीसोबत ऐकण्यासाठी अशा तयार याद्या भरपूर मिळतात. पण तासभर वाजून गेल्यावर कोण वाजवत होते आणि ते कधीचे होते याचा काही मागमूस उरत नाही, त्यामुळे पुढे काय ऐकावे हेही कळत नाही. या लेखात सुचवलेला मार्ग वादकांच्या नावांवरून जातो. जॅझचे, विशेषतः १९५० आणि १९६० च्या दशकांतले, कितीतरी अल्बम एक-दोन दिवसांच्या सत्रात चार ते सात वादकांनी एकत्र येऊन केलेले आहेत, आणि तेच वादक थोड्याच काळाने दुसऱ्या कोणाच्या नावाने निघालेल्या अल्बमवर साथीला दिसतात. म्हणून एका चांगल्या अल्बमच्या मागच्या कव्हरवरची नावे नीट वाचली, तर पुढचे पाच-सहा अल्बम आपोआप सापडतात.

पहिली पायरी : एकच अल्बम पुरेसा वेळ देऊन ऐकावा

सुरुवात माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून करावी. हा अल्बम सगळेच सुचवतात. माझे कारण असे की त्यातल्या सात वादकांपैकी प्रत्येकाच्या मागे गेले, तरी ऐकण्यासारखे पुष्कळ हाती लागते. न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरील स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी तो ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रकाशित झाला. ट्रम्पेटवर डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, डबल बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब असा हा संच आहे. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एका रचनेत मात्र पियानो विंटन केली यांनी वाजवला आहे.

पहिल्या रचनेचा, म्हणजे ‘सो व्हॉट’चा, आराखडा समजून घेतला की पुढच्या शेकडो ध्वनिमुद्रणांची किल्ली मिळते. छोट्या प्रस्तावनेनंतर बास प्रश्न विचारल्यासारखी एक ओळ वाजवतो आणि बाकीची वाद्ये दोन कॉर्डमध्ये (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांत) त्याला उत्तर देतात; ही थीम, म्हणजे रचनेची मूळ धून, ३२ बारची असून प्रत्येक बारमध्ये चार मात्रा आहेत. आठ-आठ बारचे चार भाग पडतात, त्यांपैकी तिसऱ्या भागात सगळेच अर्ध्या स्वराने वर सरकतात आणि चौथ्या भागात मूळ जागी परततात. थीम संपल्यावर हाच ३२ बारचा आराखडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो. त्याच्या एका फेरीला कोरस म्हणतात, आणि त्या फेऱ्यांवर एकेक वादक त्या क्षणी सुचेल ते वाजवतो: डेव्हिस दोन कोरस, कोल्ट्रेन दोन, ॲडर्ली दोन, एव्हान्स एक, आणि मग पुन्हा थीम. ख्याल किंवा तबलावादन ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याच्या अंगात आवर्तनाची सवय मुरलेली असते आणि ती येथे फार उपयोगी पडते. फरक असा की येथे आवर्तनाबरोबर खालची हार्मनीही, म्हणजे कॉर्डांची मांडणीही, ठरलेल्या जागी बदलते, आणि तो बदल कानाने पकडता आला की वादक फेरीच्या कोणत्या भागात आहे हे न मोजताही कळू लागते.

पहिल्यांदा केवळ चेंबर्सच्या बासकडे लक्ष द्यावे, कारण आराखडा तोच धरून ठेवतो. दुसऱ्यांदा हेडफोन लावावेत: स्टिरिओ आवृत्तीत कोल्ट्रेन डाव्या कानाला आणि ॲडर्ली उजव्या कानाला ऐकू येतात, त्यामुळे टेनर आणि आल्टो या दोन सॅक्सोफोनांचे आवाज वेगळे ओळखण्याचा सराव सहज होतो. तिसऱ्यांदा ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि त्यानंतरची ‘ब्लू इन ग्रीन’ या रचना लागोपाठ ऐकाव्यात. पहिल्या रचनेत केलींचा पियानो ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन गानशैलीच्या ठसक्याने आणि लयीवर स्वार होऊन चालतो. दुसऱ्या रचनेत एव्हान्स एकेक कॉर्ड हलक्या हाताने ठेवतात आणि तिला विरू देतात. एकाच वाद्याचे हे दोन हात ज्याला वेगळे ओळखू आले, तो जॅझचा श्रोता झाला असे मी मानतो.

दुसरी पायरी : साथीदारांच्या मागे जावे

आता सातपैकी कोणतेही एक नाव उचलावे. ॲडर्ली उचलले तर ब्लू नोट कंपनीचा ‘समथिन एल्स’ हाती येतो. ९ मार्च १९५८ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमवर नाव ॲडर्लींचे आहे आणि डेव्हिस त्यांच्या साथीला आहेत. ड्रम्सवर आर्ट ब्लेकी आहेत, आणि त्यांच्या जॅझ मेसेंजर्स या संचातून तरुण वादकांच्या कितीतरी पिढ्या घडल्या. या अल्बममधील ‘ऑटम लीव्ह्ज’ ऐकून झाल्यावर बिल एव्हान्स यांच्या ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ या डिसेंबर १९५९ मधील अल्बमवरची तीच रचना ऐकावी. तेथे पियानोच्या मागे राहून केवळ ठेका धरण्याऐवजी बासवादक स्कॉट लाफारो संभाषणात उतरतात आणि एव्हान्सना मध्येच उत्तरे देतात. पियानो, बास आणि ड्रम्स अशा या त्रिकुटाची सर्वांत मौल्यवान ध्वनिमुद्रणे २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये झाली. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेले. ही ध्वनिमुद्रणे ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या अल्बमांतून ऐकायला मिळतात. मागे ग्लासांची किणकिण आणि गप्पांचा आवाज आहे, आणि त्यासकटच ती ऐकावीत.

कोल्ट्रेन यांच्या मागे जाणाऱ्याने ‘जायंट स्टेप्स’ घ्यावा. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या दुसऱ्या सत्रानंतर दोन आठवड्यांच्या आत, मे १९५९ मध्ये, या अल्बमची शीर्षकरचना ध्वनिमुद्रित झाली. तेथे बासवर पुन्हा चेंबर्सच आहेत, पण ‘सो व्हॉट’मध्ये आठ-आठ बार एकाच जागी थांबणारी हार्मनी येथे जवळजवळ प्रत्येक पावलाला बदलते. एकच वादक एका महिन्यात दोन विरुद्ध दिशांना कसा जाऊ शकतो, हे तारखा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. याच अल्बममधील ‘नाइमा’ ही रचना वर्षअखेरीस वेगळ्या संचाने वाजवली आणि त्या संचात केली, चेंबर्स व कॉब ही ‘फ्रेडी फ्रीलोडर’ची त्रयी परत भेटते. तेथून पुढे ९ डिसेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’कडे जावे, मात्र त्यातील पियानोवादक मॅकॉय टायनर, बासवादक जिमी गॅरिसन आणि ड्रमवादक एल्विन जोन्स ही नावे आधी कोल्ट्रेन यांच्या त्याच चौकडीच्या ‘बॅलड्स’ या शांत अल्बममधून परिचयाची करून घ्यावीत, असा माझा आग्रह आहे.

वादकांखेरीज आणखी एक नाव वाचण्याची सवय लावावी, ते म्हणजे ध्वनिमुद्रकाचे. रूडी व्हॅन गेल्डर यांनी आधी न्यू जर्सीतील हॅकनसॅक येथे आईवडिलांच्या घरातील दिवाणखान्यात आणि १९५९ पासून एंगलवुड क्लिफ्स येथील स्वतःच्या स्टुडिओत ब्लू नोट, प्रेस्टिज आणि इम्पल्स या कंपन्यांसाठी असंख्य सत्रे मुद्रित केली. ‘अ लव्ह सुप्रीम’ही तेथलेच आहे. कोणाचेच नाव ओळखीचे नसले, तरी मागच्या बाजूला व्हॅन गेल्डर हे नाव असेल तर तो अल्बम एकदा ऐकून पाहावा.

तिसरी पायरी : नोंद ठेवावी आणि तारखा तपासाव्यात

स्ट्रीमिंग सेवेवर अल्बमखाली दिसणारे वर्ष अनेकदा त्या विशिष्ट आवृत्तीच्या पुनःप्रकाशनाचे असते. १९२८ चे ध्वनिमुद्रण २००३ सालाखाली आणि १९५७ चे २०१८ सालाखाली सापडते, आणि नवा श्रोता त्यावरून इतिहासाची चुकीची साखळी मनात जोडतो. साथीदारांची नावे तर पुष्कळदा दिलेलीच नसतात. म्हणून प्रत्येक आवडलेल्या ध्वनिमुद्रणासाठी एका वहीत किंवा फाइलमध्ये पाच गोष्टी लिहाव्यात: रचना, वादक आणि त्यांची वाद्ये, ध्वनिमुद्रणाची तारीख, जागा, कंपनी व तिचा क्रमांक. ही माहिती ‘डिस्कॉग्ज’ या संकेतस्थळावर शोधता येते, कारण तेथे मूळ आवृत्तीच्या पुढच्या-मागच्या कव्हरांची छायाचित्रे बहुधा पाहायला मिळतात. तेथील नोंदी वापरकर्त्यांनीच भरलेल्या असल्याने शक्य तेव्हा छायाचित्रातील मजकुराशी त्या ताडून घ्याव्यात.

आवृत्ती निवडताना शक्यतो मूळ अल्बमचा क्रम जपणारी निवडावी. ज्यादा ‘टेक’ असलेल्या मोठ्या आवृत्त्या अभ्यासाला चांगल्या असतात, पण एकाच रचनेचे तीन प्रयत्न लागोपाठ ऐकताना नव्या श्रोत्याचा अल्बमवरचा विश्वासच उडतो. स्वराबाबत काटेकोर असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ टेप यंत्राच्या गतीतील दोषामुळे कित्येक दशके किंचित चढ्या स्वरात विकल्या गेल्या, आणि १९९० च्या दशकातील पुनःप्रकाशनांत ही चूक दुरुस्त झाली. पेटी किंवा तानपुरा लावून सोबत वाजवून पाहणाऱ्याला जुन्या एलपीवर, म्हणजे लाँग-प्ले तबकडीवर, सूर जुळत नसेल, तर दोष त्याच्या कानाचा नसतो.

चौथी पायरी : तीन मिनिटांच्या तबकड्यांकडे मागे वळावे

जॅझचे पहिले प्रकाशित ध्वनिमुद्रण १९१७ सालचे असले, तरी मागे जाणाऱ्याने सुरुवात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२५ ते १९२८ दरम्यानच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या संचांपासून करावी. १९४८ मध्ये एलपी येईपर्यंत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला साधारण तीनच मिनिटे मावत, त्यामुळे वादकाला एका-दोन कोरसमध्येच जे सांगायचे ते सांगावे लागे. २८ जून १९२८ चे ‘वेस्ट एंड ब्लूज’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. आरंभीची बिनसाथीची ट्रम्पेटची झेप पंधरा सेकंदांच्या आत संपते, आणि एकट्या वादकाचे स्थान केवढे मोठे असू शकते हे तेवढ्यात कळून येते. तबकडीची खरखर पहिल्या दिवशी त्रास देते. कान तिला लवकरच बाजूला सारतो. खरखर पूर्ण काढून टाकलेल्या आवृत्त्यांपासून मात्र दूर राहावे, कारण तिच्यासोबत झांजेचा आणि फुंकेचा आवाजही गेलेला असतो.

तेथून टेनरवादक कोलमन हॉकिन्स यांचे ऑक्टोबर १९३९ चे ‘बॉडी अँड सोल’ आणि आल्टोवादक चार्ली पार्कर यांचे नोव्हेंबर १९४५ चे ‘को-को’ असे टप्पे घ्यावेत. या दोहोंमध्ये एकदम मोठी उडी वाटते, आणि तिचे एक कारण ध्वनिमुद्रणांच्या इतिहासात आहे: अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ऑगस्ट १९४२ पासून मानधनाच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला आणि तो मोठ्या कंपन्यांबाबत १९४४ पर्यंत टिकला. ‘को-को’ ज्या शैलीतले आहे ती बीबॉप ही नवी शैली नेमक्या त्याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील क्लबांतून आकार घेत होती, त्यामुळे तिच्या जन्माच्या तबकड्या जवळजवळ नाहीतच.

मराठी वाचकाने या पायरीवर मुंबई आणि गोव्याकडेही वळावे. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला आफ्रिकन-अमेरिकन संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही तेथे वाजवले, पुढे कोलकात्यात ध्वनिमुद्रणे केली, आणि १९४५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. या वादकांना ऐकत, त्यांच्या शेजारी बसून वाजवत गोव्यातील वादकांची एक पिढी तयार झाली. बार्देशातील हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यांतले ठळक नाव. सी. रामचंद्र यांच्यासोबत त्यांनी केलेले काम भगवानदादांच्या ‘अलबेला’तून (१९५१) घराघरांत पोहोचले, आणि त्यातील ‘शोला जो भडके’ आजही ट्रम्पेट-सॅक्सोफोनकडे लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. खेदाची गोष्ट अशी की चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकाचे, संगीतकाराचे आणि चित्रपटाचे नाव छापले जाई, वादकांचे नाही. ज्या घरांत जुने वादक होते किंवा आहेत, त्यांनी कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवले हे अजूनही लिहून ठेवले, तर ती खरी ध्वनिमुद्रण-सेवा होईल. मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा यांचा लंडनमध्ये १९६९ साली झालेला ‘इंटिग्रेशन’ हा अल्बमही अवश्य ऐकावा. त्यात मात्र सर्व नावे नीट छापलेली आहेत.

जुन्या बाजारात प्रत्यक्ष रेकॉर्ड घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: रेकॉर्ड पाकिटातून बाहेर काढून उजेडात तिरकी धरावी, नखाला लागणारा चरा असेल तर सोडून द्यावी, आणि आतील रेकॉर्ड व पाकीट यांचे क्रमांक जुळतात का ते पाहावे. एलपीची सुई ७८ च्या तबकडीवर लावू नये. त्या तबकडीची खाच अधिक रुंद असते आणि तिला वेगळी सुई लागते.

पाचवी पायरी : नवे शोधताना तीच रीत वापरावी

नव्या जॅझसाठी ‘काइंड ऑफ ब्लू’सारखाच एक चौक हवा असेल, तर ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन यांचा २०१८ मधील ‘युनिव्हर्सल बीइंग्ज’ घ्यावा. शिकागोच्या इंटरनॅशनल अँथम या छोट्या कंपनीने काढलेल्या या अल्बमच्या चार बाजू न्यूयॉर्क, शिकागो, लंडन आणि लॉस एंजेलिस या चार शहरांतील वेगवेगळ्या संचांसोबत वाजवलेल्या आहेत. हार्पवादक ब्रँडी यंगर, सेलोवादक टोमेका रीड, सॅक्सोफोनवादक शबाका हचिंग्ज आणि नुबाया गार्सिया, गिटारवादक जेफ पार्कर ही नावे एकाच ठिकाणी मिळतात, आणि प्रत्येकाचे स्वतःचे अल्बम आहेत. न्यूयॉर्कच्या बाजूवरील व्हायब्राफोनवादक जोएल रॉस यांच्या मागे गेले की त्यांच्या ‘किंगमेकर’वर आल्टोवादक इमॅन्युएल विल्किन्स भेटतात, आणि विल्किन्स यांचा ‘ओमेगा’ (२०२०) हा माझ्या मते गेल्या काही वर्षांतील सर्वांत दमदार पहिल्या अल्बमांपैकी एक आहे. पियानोवादक विजय अय्यर यांचा बासवादक लिंडा मे हान ओ आणि ड्रमवादक टायशॉन सोरी यांच्यासोबतचा ‘अनईझी’ (२०२१) तितक्याच एकाग्रतेने ऐकावा.

नवे अल्बम बहुधा शुक्रवारी प्रकाशित होतात. आवडत्या तीन-चार कंपन्यांची पाने ‘बँडकॅम्प’ या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर अनुसरली की सूचना येत राहतात, आणि तेथे विकत घेतलेल्या अल्बममधील पैशांचा मोठा वाटा कलाकार किंवा कंपनीकडे जातो. नव्याने प्रकाशित होणारे जुने ध्वनिमुद्रणही या पायरीवर धरावे. पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या चौकडीत कोल्ट्रेन असतानाची नोव्हेंबर १९५७ मधील कार्नेगी हॉलची मैफल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोंद नसलेल्या टेपवर पडून होती. ती २००५ मध्ये सापडली आणि त्याच वर्षी प्रकाशित झाली.

सहावी पायरी : दुसऱ्यापर्यंत पोहोचवावे

मित्राला किंवा घरच्यांना जॅझ ऐकवताना एका वेळी एकच रचना पाठवावी. दहा दुव्यांची यादी कौतुकाने स्वीकारली जाते आणि न ऐकता राहते. रचनेसोबत तीन-चार ओळी लिहाव्यात: वादक कोण, तारीख कोणती, आणि कोणत्या क्षणाकडे लक्ष द्यावे. ‘फार सुंदर आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘सो व्हॉटमध्ये साधारण दीड मिनिटाला झांज मोठ्याने वाजते आणि तेथून डेव्हिस सुरू होतात, तेवढे ऐका’ असे लिहिले तर समोरचा नक्की ऐकतो. त्याला आधी काय आवडते तेही पाहावे. नाट्यसंगीत किंवा ठुमरी ऐकणाऱ्याला गायिका बिली हॉलिडे आणि टेनरवादक लेस्टर यंग यांची १९३७ च्या सुमाराची ध्वनिमुद्रणे लवकर जवळची वाटतात, कारण तेथे शब्दाला वाद्य उत्तर देते. तबला शिकणाऱ्याला डेव्ह ब्रूबेक चौकडीचे पाच मात्रांतले ‘टेक फाइव्ह’ द्यावे आणि पियानो पाच मात्रा धरून ठेवत असताना जो मोरेलो ड्रम्सवर किती मोकळे होतात ते दाखवावे.

चार-पाच जणांना एकत्र बसवून ऐकवायचे असेल, तर पाऊण तासापेक्षा अधिक वेळ ठेवू नये. एलपीची एक बाजू सुमारे वीस मिनिटांची असते आणि तेवढ्या बेतानेच त्या काळचे अल्बम रचलेले आहेत, म्हणून एक बाजू अखंड ऐकवावी आणि उरलेल्या वेळात एकाच रचनेची दोन रूपे लावावीत. ‘ऑटम लीव्ह्ज’ची वर सांगितलेली जोडी किंवा ‘बॉडी अँड सोल’ची हॉकिन्स आणि कोल्ट्रेन यांची जोडी त्यासाठी उत्तम आहे. वाजत असताना बोलू नये, समजावणेही नंतर करावे. वादकांची नावे मात्र सुरुवातीलाच कागदावर लिहून सर्वांना द्यावीत.

पाठवण्याच्या पद्धतीबाबत काळजी घ्यावी. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि रचनेचा हक्क वेगळा असून तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे तबकडी फार जुनी असली तरी तिच्यावरील रचना मुक्त असेलच असे नाही. त्यामुळे फाइल उतरवून वाटण्यापेक्षा अधिकृत दुवा द्यावा. व्हिक्टर कंपनीच्या सुरुवातीच्या हजारो तबकड्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’वर मोफत ऐकता येतात, त्यांचे दुवे निःशंकपणे द्यावेत. नव्या कलाकाराचा अल्बम आवडला, तर बँडकॅम्पवरून तो भेट म्हणून विकत घेऊन पाठवता येतो. भेटीसोबतच्या संदेशात साथीदारांची नावे मराठीतच लिहावीत. घेणाऱ्याला ती उच्चारता आली, तर पुढचा अल्बम तो स्वतः शोधतो.